ड्रायसूटच्या सिलिकॉन सीलची बारीक भोकं बुजवताना : जानेवारी ते मार्चच्या नोंदी

माझा ड्रायसूट, म्हणजे थंड पाण्यात बुडी मारताना अंग कोरडं ठेवणारा सूट, ट्रायलॅमिनेट म्हणजे तीन थरांच्या कापडाचा आहे, झिप पितळी दातांची. मानेला आणि दोन्ही मनगटांना सिलिकॉनची सील आहेत, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे ताणले जाणारे पट्टे; ती स्वीडनच्या सी-टेकच्या रिंगांवर बसतात. मी लेस्टरला राहते, त्यामुळे बहुतेक बुड्या स्टोनी कोव्हच्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत. शिकले मालवणला, तिथल्या कोमट पाण्यात ड्रायसूटची गरजच पडत नाही. साहजिकच सील फाटलं तर काय करायचं, हे मराठीत कोणी लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही. इंग्लंड, नॉर्वे, स्वीडनमध्ये आता आपली बरीच मंडळी थंड पाण्यात उतरतात. त्यांच्यासाठी या नोंदी.

शनिवार, ११ जानेवारी

स्टोनी कोव्ह, पाणी ५ अंश. स्टेनगार्थपर्यंत गेलो. २००० साली मुद्दाम बुडवलेली ही टगबोट वीस मीटरच्या आसपास बसली आहे. उतरताना सगळं ठीक होतं. वर येताना डाव्या हाताचं कोपर गार पडायला लागलं आणि बाहेर आल्यावर आतल्या सूटची डावी बाही कोपरापर्यंत पिळून पाणी निघेल इतकी भिजलेली. मानेखालीही ओल होती, पण कमी. पाच अंशात एक हात भिजला की बोटं लवकर बधिर होतात आणि व्हॉल्व्हची बटणं चाचपडावी लागतात. त्यामुळे पुढची बुडी रद्द.

घरी आल्यावर साबणाच्या पाण्याची चाचणी घेतली. दोन्ही मनगटांत अर्ध्या लिटरच्या बाटल्या खुपसल्या, मानेत पोळ्यांचा स्टीलचा लहान डबा, गोल बुडाची बाजू आत करून. डब्याची कड सीलला लागू द्यायची नाही, ती धारदार असते. बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, झिप लावली आणि इन्फ्लेटरने, म्हणजे सूटमध्ये हवा भरायच्या नळीने, बाह्या जेमतेम उभ्या राहतील एवढीच हवा भरली. टम्म फुगवू नये, ताण झिपवर येतो. मग भांड्यांचा साबण घातलेलं पाणी स्पंजने सीलवर फिरवलं.

डाव्या मनगटावर रिंगपासून दोन बोटं अंतरावर बारीक बुडबुड्यांची अखंड माळ. मानेवर पुढच्या बाजूला एक बुडबुडा सावकाश फुगत जाणारा, आणि त्याच्याशेजारी दुसरा, त्याहून हळू.

खुणेसाठी भोकाभोवती तीन सेंटिमीटर अंतरावर बॉलपेनने गोल काढला. अगदी भोकापाशी शाई लागू देऊ नका, तिच्यावर काही चिकटत नाही.

रविवार, १२ जानेवारी

मान आणि डावं मनगट, दोन्ही सील रिंगांवरून काढली. सूटवर ठेवूनच डागडुजी करावी असं वाटतं, पण करू नये. ज्या सिलिकॉनने भोक बुजवायचं त्यातून सुकताना अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ निघते, म्हणजे व्हिनेगरचा वास. ती पितळी झिपला चांगली नाही. दुसरं म्हणजे सिलिकॉनचा ओशट अंश कापडाला किंवा शिवणीच्या टेपला लागला, तर पुढे तिथे दुसरा कुठलाच गोंद धरत नाही. उद्या कापडाला ठिगळ लावायची वेळ आली की त्या एका बोटाच्या डागापायी सगळं अडतं.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर सील ताणून धरलं. मनगटावर दोन मिलिमीटरची चंद्रकोरीसारखी चीर होती, सरळ सरळ नखाची. सील घालताना बोटांची टोकं आत घालून ओढलं की हे होतं.

मानेची गोष्ट वेगळी. तिथे प्रकाशाचे दोन टिपके दिसले, टाचणीच्या टोकाहूनही बारीक, एकमेकांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर. इतकी बारीक आणि इतकी जवळ, म्हणजे नख नाही. भिंगातून पाहिलं तेव्हा भोकांच्या आजूबाजूचा पट्टाही खरखरीत दिसला. सूट पिशवीत भरताना मानेवरच्या उबदार कॉलरचं वेल्क्रो उघडं राहतं आणि त्याची आकड्यांची बाजू बरोबर तिथेच घासते. वेल्क्रोवर तिथल्या तिथे मऊ बाजूची पट्टी लावून आकडे झाकले. तो खरखरीत पट्टा वहीत चितारून ठेवला.

शनिवार, १८ जानेवारी

खऱ्या सीलला हात लावण्याआधी तुकड्यांवर प्रयोग. नवीन सील मापाला कापताना जे गोल उरतात ते मी ठेवून देते. नसतील तर क्लबमध्ये मागा, कोणाकडे तरी फाटलेलं सील पडलेलं असतंच.

तुकडे आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुतले, भरपूर साध्या पाण्याने खळबळले, वाळवले आणि मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. दर वेळी कपड्याची नवी बाजू. प्रत्येक तुकड्याला चीर पाडली आणि घरात, गॅरेजमध्ये असलेलं एकेक लावलं: सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, सुपरग्लू, अ‍ॅक्वासील (लेटेक्स आणि निओप्रीनला मी हेच वापरते), बाथरूमच्या टाइल्सचं सॅनिटरी सिलिकॉन, बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन आणि डाऊसिल ७३२. हे शेवटचं व्हिनेगरच्या वासाच्या जातीचं, एका ट्यूबमधलं.

एक तुकडा मुद्दाम न धुता, टाल्कम पावडर लागलेलाच ठेवला आणि त्यावरही ७३२ लावलं.

आठवडाभर हात लावायचा नाही.

शनिवार, २५ जानेवारी

निकाल.

पंक्चरचं सोल्युशन बोटाने चोळताच गोळा होऊन निघालं. सुपरग्लू काचेसारखा कडक झाला होता, तुकडा ताणताच त्याचा पोपडा उडाला. अ‍ॅक्वासीलची साल सबंध, अखंड निघाली, आणि खालचं सिलिकॉन जसं होतं तसंच. अ‍ॅक्वासील पॉलियुरेथेन आहे, आपल्या जागी ते उत्तम. सिलिकॉनवर मात्र फक्त सिलिकॉनच धरतं. ही सील चिकटवायची सोडून रिंगांवर का बसवतात, ते इथे हातात धरून कळतं.

तिन्ही सिलिकॉनांत न्यूट्रल सर्वांत कच्चं निघालं. कोपऱ्यात नख घालून ओढलं की उलगडत गेलं. सॅनिटरीने बऱ्यापैकी धरलं होतं, पण त्यात बुरशीनाशक असतं आणि ही वस्तू तासन्‌तास गळ्याला घट्ट बसणार. ते मी वापरणार नाही. ७३२ नखाने सुटलं नाही. जोर लावून ओढलं तेव्हा मूळ तुकडाच बाजूला फाटला.

आणि पावडरवाल्या तुकड्यावरचं तेच ७३२ फुंकर घातल्यासारखं अलगद निघालं. ट्यूब तीच, दिवस तोच. कुठली ट्यूब चांगली यावर क्लबात तासभर वाद होतो. धुण्यापुसण्याबद्दल कोणी विचारत नाही.

रविवार, २६ जानेवारी

मनगटाची पहिली डागडुजी. कुठेतरी वाचल्याप्रमाणे आतून ठिगळ लावलं: जुन्या सीलचा पावणेदोन सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा, खाली ७३२ चा भरपूर थर. बाटलीवर पॉलिथिनची पिशवी गुंडाळून तिच्यावर सील चढवलं होतं, कारण पॉलिथिनला हे चिकटत नाही. नायट्राइल हातमोजे घातले आणि खिडकी उघडी ठेवली. वासाने डोळे चुरचुरतात. वरून दाब दिला, कडेने जे बाहेर आलं ते तसंच राहू दिलं.

शनिवार, १ फेब्रुवारी

जमलं नाही. ठिगळ सुकलं होतं, चिकटलंही होतं. पण सील बाटलीवर ताणल्यावर ठिगळाची जागा ताणली जाईना. आजूबाजूचं सगळं पसरतं आणि मधला जाड गोल तसाच राहतो, म्हणजे सगळा ताण गोलाच्या कडेवर येतो. दहा-बारा वेळा हात घातल्यासारखं करून पाहिलं तेव्हा कड एका बाजूने उचलली गेली. शिवाय आतल्या बाजूचा तो उंचवटा मनगटावर बसला की शेजारी फट राहते. बुजवलेल्या भोकाशेजारून पाणी येणार असेल तर उपयोग काय?

ठिगळ उचललेल्या बाजूने धरून सावकाश सोललं. उरलेला लेप अंगठ्याने चोळून काढायला तासाहून जास्त वेळ गेला. ब्लेड जवळ आणलं नाही. सिलिकॉन ताणाला मजबूत असतं, पण त्याला एक खाच पडली की ती धावत जाते.

रविवार, २ फेब्रुवारी

मनगट, दुसऱ्यांदा. ठिगळ नाही, फक्त पातळ लेप.

पुन्हा धुणं, वाळवणं, अल्कोहोल. पॉलिश पेपर वापरावा का, हे तुकड्यांवर करून पाहिलं होतं. पकडीत फरक जाणवला नाही, ओरखडे मात्र राहतात. म्हणून नाही.

सील बाटलीवर असं चढवलं की चीर किंचित उघडी राहील. टूथपिकच्या टोकावर ७३२ चा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब घेऊन चिरेच्या दोन्ही ओठांना लावला, आत ढकलला. मग सील बाटलीच्या निमुळत्या गळ्याकडे सरकवलं, चीर आपोआप मिटली. जुन्या लॉयल्टी कार्डाचा गुळगुळीत कापलेला तुकडा जवळजवळ आडवा धरून बाहेर आलेलं सगळीकडे पसरवलं. लेप चिरेच्या भोवती आठ-दहा मिलिमीटर, मध्यभागी नखाच्या जाडीचा आणि कडेला शून्यावर येणारा. कड हाताला लागता कामा नये. बाथरूमवाले साबणाच्या पाण्यात बोट बुडवून सिलिकॉन सारखं करतात, ते इथे नको. साबण लेपाखाली शिरला की पावडरवाल्या तुकड्याची गत होते. पाच-सात मिनिटांत हात काढून घ्यायचा. वर साय धरायला लागल्यावर कार्ड फिरवलं तर लेप सुरकुततो.

मानेची भोकं इतकी बारीक की घट्ट पेस्ट त्यांच्यात शिरत नाही, वरच बसते. एका जुन्या झाकणात थोडं ७३२ आणि तेवढंच व्हाइट स्पिरिट घेऊन टूथपिकने घोटलं. आधी गुठळ्या होतात, मिनिटभराने दाट रंगासारखं एकजीव होतं. मान डब्यावर हलकी ताणून बारीक ब्रशने दोन हात दिले, मध्ये वीस मिनिटं थांबून. व्हाइट स्पिरिटने सिलिकॉन फुगतं आणि ती जागा लहरी आल्यासारखी दिसायला लागली. रात्रीपर्यंत ते उडून गेलं आणि लहरी बसल्या. याची वाफ पेट घेते, गॅसच्या शेगडीपासून लांब. स्वयंपाकघरात हे काम करूच नका. पातळ ७३४ ही त्याच घरातली तयार ट्यूब मिळते; दुसरी ट्यूब घ्यायची नसल्याने मी घोटून घेतलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने पक्कं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न आला नसता; इथे हिवाळ्यात हीटर चालू असला की घरातली हवा कोरडीठाक होते. परवा मनगटाच्या लेपाचा मधला भाग अजून मऊ लागत होता, म्हणून दोन्ही सील बाथरूममध्ये दोरीवर टांगली. आज दोन्ही पक्की आहेत, वास मात्र थोडा आहे. वास पूर्ण जाईपर्यंत गळ्याला लावणार नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वास गेला. दोन्ही सील रात्रभर बाटलीवर आणि डब्यावर ताणून ठेवली होती. लेप सीलबरोबर ताणला जातो, कड कुठेही उचललेली नाही. टॉर्चवर प्रकाश दिसत नाही. रिंगांवर बसवली.

रविवार, ९ फेब्रुवारी

बर्गनहून फोन आला. तिथे एक मराठी मुलगा आहे, गेल्या वर्षी ऑनलाइन ओळख झाली. ‘ताई, माझ्या मनगटाच्या अगदी काठालाच चीर गेलीय, सेंटिमीटरभर. तुमच्या त्या लेपाने चालेल का? परवा फ्योर्डात उतरायचंय.’

मी नाही म्हटलं. मधल्या भोकाला चारी बाजूंनी सील असतं, ताण वाटला जातो. काठाची चीर एका बाजूने उघडीच असते, प्रत्येक वेळी हात घालताना पहिला ओढा तिलाच बसतो आणि लेप कितीही चांगला असला तरी तो तिथून फाटत जातो. काठाच्या चिरेला दोनच मार्ग. सील मापापेक्षा सैल होणार नसेल तर चिरेच्या आतून सगळा काठ एक पट्टी कापून टाकायचा, मोठ्या धारदार कात्रीने, न थांबता एकाच ओघात. जिथे कात्री थांबून पुन्हा चालते तिथे पायरी पडते आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. कापायला जागा नसेल तर नवं सील.

त्याच्याकडे कापायला जागा नव्हती. ‘मग नवंच घेतो, ताई,’ म्हणाला. रिंग असल्यामुळे बदलायला पंधरा मिनिटं, म्हणून उतरायचा बेतही मोडला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

स्टोनी कोव्ह. पहिल्या कट्ट्यावरच, सहा मीटरवर राहिले. सील पारखायचं तर खोल जायची गरज नाही आणि काही बिघडलं तर दोन मिनिटांत वर येता येतं. चाळीस मिनिटं मुद्दाम सगळं केलं: हात डोक्यावर, मान डावी-उजवी, मुठी वळणं.

डावं मनगट कोरडं. मुठी वळल्यावर मनगटाच्या आतल्या शिरा ताठ होतात आणि त्यांच्या बाजूच्या खळग्यातून थोडं पाणी येतं, पण ती ओल मनगटापुरती, कोपरापर्यंत जात नाही. ती भोकाची गळती समजू नये.

मान ओली. पुढे नाही, मागे, मानेच्या मणक्यापाशी. लेप तर पुढे आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा बाटल्या, डबा, साबणाचं पाणी. लेपावर काही नाही. जानेवारीत मी पाणी फक्त सीलच्या अंगावर फिरवलं होतं, रिंगच्या फटीत घातलं नव्हतं. आज घातलं, आणि मागच्या बाजूला रिंगमधून फेस आला.

रिंग उघडली. खाचेत एक लांब केस आडवा बसलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूचे कण. केस माझाच. सील बसवताना तो दिसला नाही, कारण काळ्या रिंगमध्ये काळा केस. खाच ओल्या कपड्याने पुसली, सीलची कड पुसली, दिव्याखाली बोट फिरवून पाहिलं आणि बसवलं. फेस बंद.

जानेवारीतली मानेखालची ओल भोकांची होती की या केसाची, हे आता सांगता येणार नाही. दुसऱ्या कोणी हे काम हाती घेतलं तर पहिल्याच चाचणीत रिंगच्या फटीत पाणी घालावं. माझे दोन आठवडे तिथे वाचले असते.

शनिवार, १ मार्च

खाणीत दोन बुड्या, दुसरी वीस मीटरपर्यंत. मनगट आणि मान, दोन्ही कोरडी.

खर्च लिहून ठेवते. ७३२ ची ट्यूब साधारण बारा पौंड, अल्कोहोल सहा, व्हाइट स्पिरिट घरात होतं. मनगटाच्या नव्या सीलची जोडी तीसच्या घरात जाते, मानेचं त्याहून महाग. एका नखाच्या चिरेसाठी हा हिशोब फार फायद्याचा नाही. पण उघडलेली ट्यूब झाकण घट्ट लावून ठेवली तर काही महिने टिकते, आणि क्लबमधल्या आणखी दोघांची मनगटं त्याच ट्यूबमधून झाली. टोकाला जो घट्ट बोळा सुकतो तो पुढच्या वेळी टूथपिकने ओढून काढायचा, मागचं ताजं असतं.

रविवार, १६ मार्च

काल पुन्हा खाणीत. मानेखाली पुढे ओल, रुपयाएवढी.

टॉर्च घेऊन बसले. दोन्ही जुनी भोकं बुजलेली आहेत, लेप पक्का आहे. पण लेपाच्या कडेपासून चार मिलिमीटरवर नवा टिपका, आणि ताणून धरल्यावर त्याच्या पलीकडे आणखी एक, अजून आरपार न गेलेला, नुसता पातळ उजेड. दोन्ही जानेवारीत वहीत चितारलेल्या खरखरीत पट्ट्यात. वेल्क्रो त्यानंतर तिथे लागलेलं नाही, म्हणजे ही इजा जुनी आहे, ताणाने आता उघडते आहे.

मनगटाची चीर एका नखाची होती, आजूबाजूचं सिलिकॉन धडधाकट होतं, म्हणून ती बुजली आणि बुजलेली राहिली. मानेचा चार सेंटिमीटरचा पट्टाच आकड्यांनी टोचून झिजला आहे. तिथे एकेक टिपका बुजवत बसले तर दर महिन्याला नवा येणार. आणि मानेचं सील मनगटासारखं नाही. ते पाण्याखाली फाटलं तर सूटमधली हवा तिथूनच जाते आणि पाणी थेट छातीवर येतं. मे महिन्यात ऑर्कनीला स्कापा फ्लोला जायचं आहे. २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने स्वतःच बुडवलेल्या जहाजांपैकी ‘क्योल्न’ पस्तीस मीटरच्या आसपास आडवं पडलं आहे, आणि ते बघायला मी कित्येक वर्षं थांबले आहे. तिथे हे सील जाणार नाही.

शनिवार, २२ मार्च

मानेचं नवं सील आलं. मापाला कापलं, रिंगची खाच दिव्याखाली पुसून बसवलं, साबणाचं पाणी रिंगच्या फटीतही घातलं. फेस नाही.

डाव्या मनगटाचं डागडुजी केलेलं सील सूटवरच ठेवलं आहे. स्कापाला तेच नेणार. मनगटाच्या नव्या सीलची एक जोडी आणि मानेचं एक, रिंगसह, डब्यात बरोबर असेल. मानेच्या जुन्या सीलचा खरखरीत पट्टा कापून फेकला. उरलेलं धुऊन, पुसून, झिपच्या पिशवीत घालून ट्यूबशेजारी ठेवलं आहे. प्रयोगाला तुकडे हवे असतील तर लेस्टरच्या आसपासच्यांनी मागावेत, पुरेसे आहेत.